झूलाघर : इंदूरच्या गिरणगावातल्या तान्ह्या मुलांचा सरकारी हिशेब

इंदूरच्या कापडगिरण्यांवर लिहायला बसलं की विषय ठरलेले असतात. दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळातली स्टेट मिल, सर सेठ हुकुमचंद, मालवा मिलचा भोंगा, अनंत चतुर्दशीच्या झांक्या, कामगारांचे संप, आणि शेवटी १९९१ च्या डिसेंबरात हुकुमचंद मिलला लागलेलं कुलूप. आपल्या मंडळातही या सगळ्यावर निबंध वाचून झाले आहेत आणि त्यातले काही उत्तम होते. पण एक प्रश्न मला बरीच वर्षं छळतो आहे. रिळखात्यात आणि वाइंडिंगला ज्या बायका कामाला जायच्या, त्यांची तान्ही मुलं दिवसभर असायची कुठे? आणि त्या मुलांच्या सांभाळाचा खर्च कुणी करायचा, मालकाने, सरकारने, की घरातल्याच सात-आठ वर्षांच्या पोरीने?

हा प्रश्न सध्याच्या भाषेत ‘बालसंगोपनाचं अनुदान’ म्हणून ओळखला जातो. नाव नवं आहे, पण त्याला जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो इतिहास आपल्या शहरातून, आपल्या मराठी माणसांच्या हातांतून बराचसा गेलेला आहे. म्हणून हा निबंध.

सुरुवात अफूपासून करावी लागते. माळवा हा अफूचा मुलूख. एकोणिसाव्या शतकात इंदूर ही या मालाची मोठी बाजारपेठ होती. इथला माल मुंबईमार्गे चीनला जायचा आणि त्यातून इथल्या पेढ्या उभ्या राहिल्या. गिरण्यांना लागलेलं भांडवल कुठून आलं याची चर्चा आपण मोठ्या चवीने करतो. त्याच अफूचा एक बारीकसा दाणा गिरणकामगाराच्या झोपडीतही असायचा. त्याचं नाव बाळगोळी. सकाळी कामावर निघताना आई ती गोळी दुधात किंवा पाण्यात उगाळून बाळाला चाटवायची. मग बाळ दुपारपर्यंत निपचित झोपायचं. हे फक्त इंदुरात होत नव्हतं. मुंबईतल्या परळ-लालबागच्या चाळींतही तेच चाललं होतं, आणि तिथे १९२० च्या दशकात डॉक्टर बायकांनी त्यावर आवाज उठवला होता. गोळी चाटवणारी आई निर्दय नव्हती, हे आधी सांगून ठेवतो. बाळ रडलं तर सांभाळणारं कुणी नाही, आणि कामावर नाही गेलं तर संध्याकाळी चूल नाही. अशा कोंडीत तिने काढलेली ती वाट होती. त्या काळातल्या सुशिक्षितांनी ‘अडाणी आया’ असं म्हणून पानंच्या पानं भरली. त्यांच्यापैकी फार थोड्यांनी विचारलं की गोळी नको तर मग काय.

१९२९ साली सरकारने कामगारांच्या परिस्थितीची चौकशी करायला एक रॉयल कमिशन नेमलं. अध्यक्षाच्या नावावरून त्याला व्हिटले कमिशन म्हणतात. त्यात आपले नारायण मल्हार जोशी सदस्य होते. १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढणारे आणि पुढे आयटकच्या स्थापनेत असणारे ना. म. जोशी, म्हणजे चाळीतली बाळगोळी ज्यांना ऐकून नव्हे, पाहून माहीत होती असा माणूस. १९३१ च्या अहवालात कमिशनने कारखान्यांत पाळणाघरं असावीत अशी शिफारस केली. त्यातून १९३४ च्या कारखाना कायद्यात तरतूद आली : ज्या कारखान्यात पन्नासहून जास्त बायका कामाला आहेत, तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी एक योग्य खोली राखून ठेवावी, असा नियम प्रांतिक सरकारांना करता येईल.

‘करता येईल’ हे शब्द नीट वाचावेत. म्हणजे प्रांताला वाटलं तर. त्यातून इंदूर हे होळकरांचं संस्थान. ब्रिटिश हिंदुस्थानातला कायदा इथे आपोआप लागू होत नव्हता. दरबारने काढला तर कायदा, नाही तर मालकाची मर्जी. मुंबई-नागपूरपेक्षा संस्थानी मुलखात गिरणी काढायला शेटजींना बरं का वाटायचं, याची कारणं बरीच आहेत, जमिनीपासून जकातीपर्यंत. पण कामगार कायद्याचा हात तिथे सैल असायचा, हेही त्यातलं एक.

संस्थान विलीन झालं, १९४८ च्या मे महिन्यात मध्यभारत झाला, आणि त्याच वर्षीचा नवा कारखाना कायदा पुढे आपल्याकडेही आला. या कायद्याचं ४८ वं कलम हा आपल्या विषयातला मैलाचा दगड आहे. आता ‘करता येईल’ गेलं आणि ‘केलंच पाहिजे’ आलं. पन्नासहून जास्त स्त्री कामगार असतील तर मालकाने सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली द्यायची. तिथे पुरेसा उजेड, हवा आणि स्वच्छता हवी. मुलं सांभाळायला प्रशिक्षित बाई हवी. राज्याच्या नियमांत मुलांना धुण्या-पुसण्याची, कपडे बदलण्याची सोय, फुकट दूध किंवा खाणं, आणि आईला ठरावीक वेळाने येऊन बाळाला पाजायची मुभा हेही घालता येत होतं. खर्च सगळा मालकाचा. सरकारचा एक पैसा नाही. कायदा करून सरकारने आपलं काम झालं असं मानलं, आणि त्या वेळी ते फार वेगळंही नव्हतं.

मी ज्या म्हाताऱ्या वाइंडरणींशी बोललो (तिघी होत्या, आता एकच आहे), त्यांच्या सांगण्यात पाळणाघराचं चित्र फारसं गोड नव्हतं. खोली असायची, पण गोदामाच्या बाजूला. आया असायची, पण ती कुठल्या जातीची, तिच्या हातचं दूध बाळाला चालेल का, यावरून घरी सासूची कटकट. ‘नाईकिणीचं तोंड बघून पोराला पाजायला जायचं, तिला राग आला की मागाहून सूत कमी भरलं म्हणून लिहायची,’ असं एकीने मला सांगितलं. नाईकीण म्हणजे बायकांच्या खात्यावरची मुकादम. हजेरी तिच्या हातात, आणि म्हणून बाळाचं दूधही तिच्याच हातात. दुसरी म्हणाली, की तिने पोराला पाळणाघरात ठेवलं ते फक्त पावसाळ्यात. एरवी थोरली मुलगी होतीच घरी. ही थोरली मुलगी पुढे पुन्हा येईल, तिला लक्षात ठेवा.

आता पन्नासच्या आकड्याबद्दल. कायद्याने मोजायच्या ठेवल्या बायका, मुलं नव्हे. त्यामुळे मालकाच्या दृष्टीने पाळणाघर हा ‘बायका ठेवण्याचा’ खर्च झाला. एकूणपन्नास बायका ठेवल्या तर खोली नको, दूध नको, आया नको. प्रसूतीच्या रजेचा पगारही बायकांच्याच खात्यावर मांडलेला. मुंबईच्या गिरण्यांत १९२० च्या दशकात कामगारांतला जवळपास पाचवा हिस्सा बायकांचा होता. पुढच्या पन्नास वर्षांत तो बोटावर मोजण्याइतका उरला. आपल्या इंदुरातही रिळखाती बंद होत गेली तशा बायका दिसेनाशा झाल्या. काही लेखक याचं सगळं खापर कल्याणाच्या कायद्यांवर फोडतात. मला ते पटत नाही. त्याच कायद्याच्या ६६ व्या कलमाने संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी बायकांना कामाला लावायला बंदी होती, आणि गिरण्या तीन पाळ्यांत चालू लागल्या होत्या. नवी वाइंडिंग यंत्रं आली, एका माणसाने जास्त चात्या बघायच्या असं ठरलं, आणि पुरुषांच्या युनियनांनीही बायकांच्या नोकऱ्यांसाठी जिवाचं रान केल्याचं फारसं दिसत नाही. पाळणाघर हे या सगळ्यात छोटं निमित्त होतं. पण निमित्त होतं हे खरं. १९७६ च्या दुरुस्तीने पन्नासचा आकडा तीसवर आणला गेला, तोवर गिरणीत तीस बायका शोधाव्या लागत होत्या.

कारखान्याच्या फाटकाबाहेरचा भाग मात्र वेगळ्या रस्त्याने वाढला, आणि तिथे इंदूरला अभिमानाने सांगावं असं काही आहे. खंडवा रोडवरचं कस्तुरबाग्राम आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं, सहलीला नाही तर लग्नाच्या वऱ्हाडाला जाताना बसमधून तरी. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ ७५ लाख रुपये जमवायचं ठरलं आणि जमले त्याहून कितीतरी जास्त. तो पैसा खेड्यातल्या बायका आणि मुलांसाठीच वापरायचा, असं गांधीजींनी बजावलं. त्या ट्रस्टचं मुख्य ठाणं आपल्या इंदुरात आलं. इथे ग्रामसेविका तयार व्हायच्या आणि त्या गावोगाव जाऊन बाळंतपणं आणि बालवाड्या सांभाळायच्या. १९५६ पासून १९७२ पर्यंत या ट्रस्टच्या अध्यक्षपदी प्रेमलीला ठाकरसी होत्या, म्हणजे एसएनडीटी विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. खेड्यातल्या बालवाडीचा आणि मुंबईच्या महिला विद्यापीठाचा धागा असा इंदुरात येऊन जुळतो.

त्याच वर्षांत तिकडे ठाण्याच्या किनाऱ्यावर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम चाललं होतं. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून ताराबाई मुंबईत आल्या, दादरला शिशुविहार काढला, आणि १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गरीब मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात नेली पाहिजे, ही त्यांची कल्पना. गुरं राखायला गेलेल्या मुलांसाठी कुरणशाळा, आणि पाड्यावरच्या चिमुरड्यांसाठी अंगणवाडी. आज देशभर कन्नड, तेलुगू, हिंदी, सगळ्या भाषांत जो ‘अंगणवाडी’ शब्द चालतो त्याचं मूळ तिथे आहे. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७३ साली त्या गेल्या, आणि दोनच वर्षांनी त्यांचा शब्द सरकारी योजनेच्या पाटीवर चढला.

सरकारी पैसा या कामात नेमका शिरला तो १९५३ मध्ये, केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या रूपाने. पहिल्या पंचवार्षिक योजनेत स्वयंसेवी संस्थांना मदत म्हणून ४ कोटी रुपये ठेवले होते, ते वाटायला हे मंडळ. अध्यक्ष दुर्गाबाई देशमुख. राजमहेंद्रीच्या दुर्गाबाईंचं त्याच वर्षी जानेवारीत चिंतामणराव देशमुखांशी लग्न झालं होतं, आणि चिंतामणराव तेव्हा अर्थमंत्री. अनुदान मागणारी आणि तिजोरीच्या किल्ल्या सांभाळणारा एकाच घरात, अशी गंमत तेव्हाच्या लोकांनी केली नसेल तर नवल. (दोघांनी उतारवयात हैदराबादला घर केलं, तिथल्या मराठी मंडळींकडे त्यांच्या आठवणी अजून निघतात.) दुर्गाबाईंची पद्धत अशी, की सरकारने स्वतः बालवाड्या काढायच्या नाहीत. गावात जे महिला मंडळ आहे त्यालाच पैसा द्यायचा, पण काही वाटा त्यांनी स्वतः उभा करायचा. त्या काळाला ही पद्धत शोभून दिसली. स्वातंत्र्याच्या चळवळीतून आलेल्या बायका होत्या, त्यांच्यात उत्साह होता, आणि सरकारकडे माणसं नव्हती. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, की या बायका जवळजवळ फुकट काम करतील.

माझी मावशी त्यातलीच एक. परदेशीपुऱ्याच्या बाजूला एक महिला मंडळ होतं, तिथे ती आधी बालवाडी चालवायची आणि पुढे झूलाघर. मध्यप्रदेशात सरकारी कागदावर पाळणाघराला झूलाघर म्हणतात, आणि आम्ही मराठी घरातही तोच शब्द वापरत आलो. ‘पाळणाघर’ म्हटलं की तिला नोकरदार बायकांचं पुण्याकडचं काहीतरी वाटायचं. तिच्या हिशेबाच्या काही वह्या माझ्याकडे आल्या आहेत. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च, तारखा इंग्रजी महिन्यांच्या, आणि मध्येच कुठेतरी मोडीसारखं वळण घेतलेला तिचा ‘श्री’.

झूलाघराची योजना आली ती १९७४ च्या राष्ट्रीय बालधोरणाच्या पाठोपाठ. कामावर जाणाऱ्या आणि आजारी असलेल्या गरीब आयांच्या मुलांसाठी केंद्रं, एका केंद्रात पंचवीस मुलं, आणि चालवायला समाजकल्याण मंडळाकडून अनुदान मिळणाऱ्या संस्था. इथे पहिल्यांदा आईच्या मालकाचा संबंध सुटला. ती गिरणीत असो, बांधकामावर असो, की राजवाड्यासमोर भाजी विकत असो, कुटुंबाचं उत्पन्न ठरावीक मर्यादेत असलं की मूल घेता येत होतं. कारखाना कायद्याने बायका मोजल्या. या योजनेने उत्पन्न मोजायला सुरुवात केली. दिल्लीत १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी राजघाटाजवळच्या बांधकामावर मजुरांच्या मुलांसाठी तंबूतलं पाळणाघर काढलं होतं, त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था झाली. ज्या आईचं कामच दर सहा महिन्यांनी जागा बदलतं तिच्याकडे लक्ष जायला असं कुणीतरी लागतं. सरकारी योजना मात्र एका खोलीच्या पत्त्यावर बांधलेली राहिली.

मावशीच्या वह्यांतली सगळ्यात बोलकी पानं २००६ नंतरची आहेत. त्या वर्षी १ जानेवारीपासून जुनी योजना आणि राष्ट्रीय क्रेश फंड एकत्र करून ‘राजीव गांधी राष्ट्रीय क्रेश योजना’ झाली. दर ठरले ते असे. दोन कार्यकर्त्यांचं मानधन प्रत्येकी १,००० रुपये महिना. पोषण आहार, दर मुलामागे दिवसाला २ रुपये ८ पैसे. औषधं आणि किरकोळ खर्च महिन्याला ३५०. पंचवीस मुलं, सव्वीस दिवस. गणित करून पाहा : आहाराचे १,३५२ झाले, त्यात ३५० मिळवले की १,७०२. यातले नव्वद टक्के सरकार देणार, म्हणजे १,५३१ रुपये ८० पैसे, उरलेले संस्थेने घालायचे. मानधनाचे २,००० धरून सरकारचा महिन्याचा आकडा ३,५३२ रुपये. पंचवीस मुलांवर वाटला तर एका मुलामागे महिन्याला १४१ रुपये आणि काही पैसे.

या तक्त्यात खोलीच्या भाड्याचा रकाना नाही. मावशीच्या वहीत आहे. ते भाडं ती पालकांच्या फीतून काढायची. दारिद्र्यरेषेखालच्या घराने महिन्याला २० रुपये आणि इतरांनी ६० द्यावेत असा नियम होता, आणि तिच्याकडच्या बहुतेक आया वीसवाल्या. त्याही प्रत्येक महिन्याला देतीलच असं नाही. मग दिवाळीला चकल्या-अनारसे करून विकायचे, आणि ते ‘इतर जमा’ म्हणून लिहायचं. अनुदानाचा हप्ता वरच्या कार्यालयातून यायला उशीर झाला की वहीत ‘उसने’ असा शब्द दिसतो आणि पुढे आमच्याच घरातल्या कुणाचं तरी नाव. २ रुपये ८ पैशांत काय मिळतं, असं मी एकदा तिला विचारलं होतं. ती म्हणाली, ‘एक दिवस दलिया, एक दिवस चणे, आणि सोमवारी केळं. अर्धं.’

मानधन या शब्दावर थोडं थांबतो. वेतन म्हटलं असतं तर किमान वेतनाचा कायदा आडवा आला असता. महिना हजार रुपये हे तेव्हाच्या अकुशल मजुरीपेक्षाही कितीतरी कमी होतं. म्हणून ते मानधन. म्हणजे ज्या योजनेने गरीब आईला कामावर जाता यावं म्हणून मदत करायची, ती योजना दुसऱ्या एका बाईच्या स्वस्त कामावर उभी होती, आणि ही दुसरी बाईही बहुतेक वेळा गरीबच. आपल्या मध्यमवर्गीय महिला मंडळांनी याला सेवा म्हटलं, मावशीनेही तेच म्हटलं. तिच्यानंतर तिथे कामाला आलेली मुलगी वस्तीतली होती, ती सेवा म्हणत नव्हती. ती दर महिन्याला पैसे कधी येणार एवढंच विचारायची. मला तिचं बरोबर वाटतं.

आता अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणी सुरू झाली, अठरा ग्रामीण, अकरा आदिवासी आणि चार शहरी प्रकल्प. आज देशात अंगणवाड्या तेरा-चौदा लाखांच्या घरात आहेत. एवढं मोठं दुसरं काही आपण मुलांसाठी उभं केलेलं नाही, हे मान्य करायलाच हवं. लसी, वजनं, खिचडी, सगळं तिथे होतं. पण अंगणवाडी म्हणजे झूलाघर नव्हे, ही गोष्ट बरेच जण विसरतात. ती चालते दिवसाचे काही तास. शाळापूर्व शिक्षणाला तीन ते सहा वयाची मुलं येतात; तीन वर्षांखालच्या मुलाला घरी नेण्याचा आहार मिळतो, पण सांभाळ मिळत नाही. जिची पाळी आठ तासांची आहे तिने दुपारनंतर मुलाला ठेवायचं कुठे? आणि दीड वर्षाच्या लेकराला तर सकाळीही कुठे?

तर ती थोरली मुलगी. प्रत्येक योजनेच्या फटीत ती उभी आहे. गिरणीच्या काळात होती, अंगणवाडीच्या काळात आहे. धाकट्याला कडेवर घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत येणारी आणि आत न जाणारी. १९८६ च्या शैक्षणिक धोरणाने हे कागदावर कबूल केलं, की मुलींना शाळेत आणायचं असेल तर त्यांच्या धाकट्या भावंडांसाठी पाळणाघरं हवीत. १९८८ मध्ये इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने ‘श्रमशक्ती’ अहवालात असंघटित कामगार बायकांची सगळी कहाणी मांडली, त्यातही मुलांच्या सांभाळाचा मुद्दा होता. मावशीच्या हजेरीपटात एक गोष्ट मला दिसली. ज्या घरातलं धाकटं मूल झूलाघरात दाखल झालं, त्या घरातल्या मोठ्या बहिणीचं नाव काही ठिकाणी समासात लिहिलेलं आहे आणि पुढे फक्त ‘शाळा’ हा एक शब्द. हे लिहायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला तक्त्यात रकाना नव्हता आणि त्यावर अनुदानही मिळत नव्हतं.

हुकुमचंद मिल बंद पडली, बाकीच्याही एकेक करत बंद झाल्या, तेव्हा झूलाघराची गरज कमी होईल असं वाटलं असेल कुणाला, पण झालं उलटं. नवरा घरी बसला आणि बायको बाहेर पडली. भांडी-धुणी, स्वयंपाक, शिलाईचं काम, दवाखान्यात आया. या कामांना फाटक नाही, हजेरी नाही, पन्नास बायका एका छपराखाली नाहीत. ४८ वं कलम त्यांच्यासाठी नसल्यातच जमा. त्यांच्यासाठी एकच वाट उरली होती, उत्पन्नाच्या दाखल्यावर मिळणारं झूलाघर.

आणि त्याची मर्यादा होती महिन्याला १२,००० रुपये. २००६ मध्ये तो आकडा उदार वाटायचा. २०१७ मध्ये योजनेचं नाव बदलून ‘राष्ट्रीय क्रेश योजना’ झालं, केंद्र, राज्य आणि संस्था यांचा वाटा ६०:३०:१० असा ठरला, मानधन आणि आहाराचे दरही वाढले, फीचे तीन टप्पे आले : दारिद्र्यरेषेखाली २० रुपये, १२,००० पर्यंत उत्पन्न असेल तर १००, त्यावर २००. अकरा वर्षांत डाळ, तेल, भाडं सगळं कुठल्या कुठे गेलं. १२,००० मात्र १२,००० च राहिले. राज्यांचा वाटा आला तशी फाइल आणखी एका टेबलावरून फिरू लागली. देशात एके काळी वीस हजारांहून जास्त झूलाघरं होती. २०२० च्या सुमारास ती सात हजारांच्या आत आली. हा माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा आकडा आहे, आणि त्याची बातमी मी तरी पहिल्या पानावर पाहिली नाही.

त्याच २०१७ मध्ये प्रसूतीलाभ कायद्याची दुरुस्ती झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा मिळाली. यात एक फरक आहे जो पटकन लक्षात येत नाही : इथे ‘पन्नास बायका’ नाही, ‘पन्नास कर्मचारी’ आहे. १९३४ पासून जी चूक चालत आली होती ती इथे दुरुस्त झाली. बायका कमी ठेवून मालकाला सुटता येणार नाही. पण याचा फायदा विजयनगरच्या कंपन्यांतल्या मुलींना. परदेशीपुऱ्यातून चार घरची भांडी करायला जाणारीला नाही. तिच्यासाठी २०२२ पासून ‘पालना’ नावाने नवी रचना आली आहे, अंगणवाडीलाच झूलाघर जोडायचं, देशभरात सतरा हजार ठिकाणी. अंगणवाडीच्या सध्याच्या ताईंवर आणखी काम न टाकता वेगळी माणसं नेमली, आणि वेळ आईच्या पाळीशी जुळवली, तर हा जोड चांगला आहे. ताराबाईंच्या अंगणात दुर्गाबाईंचा पाळणा, असंही म्हणता येईल.

मावशीचं झूलाघर २००९ मध्ये बंद झालं. खोलीत आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. वह्यांची छायाचित्रं मी मंडळाच्या संग्रहात दिली आहेत. इंदूरच्या गिरण्यांतल्या पाळणाघरांचा एकही फोटो मला अजून मिळालेला नाही. झांक्यांचे मात्र ढिगाने मिळतात. कुणाच्या घरी, कुणाच्या आजीच्या ट्रंकेत, पाळणाघराच्या आयांचा, दूधवाटपाचा किंवा वाइंडिंगखात्यातल्या बायकांचा एखादा फोटो, मिलचं ओळखपत्र, मुलाच्या नावाचा बिल्ला असं काही असेल तर मंडळाकडे जरूर कळवावं. मूळ वस्तू तुमच्याकडेच राहील, आम्ही फक्त छायाचित्र घेऊ. आणि नावं लिहून ठेवा, मागच्या बाजूला, पेन्सिलीने.